गाठीचा कठीणपणा : हाताला कळते ते आणि यंत्राला कळते ते

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या व देणगीदारांची नामावली यांच्याबरोबर एखादा माहितीपर लेख असावा, असा आमचा प्रघात आहे. यंदाच्या लेखाचा विषय आमच्या हितचिंतकांनीच सुचविला, असे म्हणावयास हरकत नाही. गाठीचा कठीणपणा मोजून ती कर्करोगाची आहे किंवा नाही हे सांगणारे यंत्र निघाले आहे. ते रुग्णालयास मिळवून दिल्यास सुई टोचून तुकडा काढण्याचा त्रास वाचेल काय, अशी विचारणा काही देणगीदारांनी केली. दुसरीकडे बाह्यरुग्ण विभागात एक निराळाच प्रश्न नेहमी ऐकू येतो. "गाठ हाताला लागते, पण दुखत काहीच नाही, मग तपासायची कशाला?" वरवर पाहता हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार दूर आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गाठीचा कठीणपणा. तो का निर्माण होतो, तो किती विश्वासार्ह आहे आणि त्यावरून नेमके काय ठरविता येते, याची माहिती या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कर्करोग हे नावच मुळी हाताला व डोळ्याला जाणवणाऱ्या लक्षणांवरून पडलेले आहे. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनीही या रोगास खेकड्याचेच नाव दिले होते. मध्ये टणक गाठ आणि तिच्याभोवती पायांसारख्या पसरलेल्या फुगीर शिरा, असे ते रूप होते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' या व्याधीचे वर्णन करताना ते गोल, स्थिर, अल्प वेदना देणारे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असते, असे सांगितलेले आहे. सूक्ष्मदर्शकाचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतके वैद्यांच्या बोटांनी जमविलेले हे ज्ञान आहे. 'स्थिर' आणि 'अल्प वेदना' हे दोन शब्द आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, असे आम्हांस अनेकदा वाटते. कारण गाठ दुखत नाही हीच गोष्ट घरच्या मंडळींना धीर देणारी वाटते, आणि वैद्यकीय दृष्टीने तीच गोष्ट मुळीच धीर देणारी नसते. गळू दुखते, पिकते, फुटते. त्यामुळे रुग्ण आपोआप दवाखान्यात येतो. स्तनाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही.

तपासणारा हात काय पाहतो? बाजारात सीताफळ घेताना आपण ते दाबून पाहतो, तशीच ही परीक्षा आहे. मात्र इथे एका दाबण्यात चार गोष्टी कळाव्या लागतात. गाठ किती टणक आहे, तिची कड गुळगुळीत आहे की खडबडीत, ती बोटाखाली सरकते की जागीच रुतून बसलेली आहे, आणि तिच्यावरील कातडी तिच्याबरोबर ओढली जाते काय. तरुण मुलींमध्ये आढळणारी फायब्रोअॅडिनोमा नावाची साधी गाठ चिंचोक्यासारखी गुळगुळीत असून बोटाखालून निसटते. कर्करोगाची गाठ बहुधा खडबडीत व टणक असते आणि आजूबाजूच्या भागाला धरून बसते. स्तनाला आधार देणारे बारीक तंतू आतून कातडीपर्यंत आलेले असतात. गाठ त्यांना आखडून घेते, तेव्हा वरच्या कातडीवर खळी पडते किंवा स्तनाग्र आत ओढले जाते. लसिकावाहिन्या तुंबल्या की कातडी सुजते. पण जिथे ती आत बांधलेली असते तिथे सुजू शकत नाही, म्हणून संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात. ही सारी लक्षणे ओढ, दाब आणि ताण यांची आहेत. मानेतील गाठींबाबतही वैद्यकाचे विद्यार्थी हेच शिकतात. क्षयाच्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या, लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांत रबरासारख्या, आणि दुसरीकडून पसरून आलेल्या कर्करोगाच्या गाठी दगडासारख्या, असा तो ढोबळ ठोकताळा आहे.

कठीणपणा येतो कोठून?

येथे एक आश्चर्याची गोष्ट सांगावयास हवी. गाठ टणक असते म्हणून तिच्यातील कर्कपेशीही टणक असतील, असा आपला सहज समज होतो. प्रत्यक्षात स्थिती उलट आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांच्या छातीतील पाण्यातून काढलेल्या पेशी अतिसूक्ष्म टोकाने दाबून पाहिल्या. पसरत चाललेल्या कर्कपेशी शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ असल्याचे त्यांना २००७ साली आढळून आले. मऊ पेशी अरुंद फटीतून वाट काढू शकते; रोग पसरण्यास हा मऊपणा उपयोगीच पडतो.

मग गाठ टणक कशामुळे? पेशींच्या भोवती जे जाळे असते त्यामुळे. शरीरातील पेशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या दोरखंडांत गुंफलेल्या असतात. कर्करोगाच्या सान्निध्यात हे दोरखंड विणणाऱ्या पेशी अतिरिक्त काम करू लागतात. कोलॅजेनचे प्रमाण वाढते, दोर सरळ व समांतर होतात आणि लायसिल ऑक्सिडेज नावाचे एक विकर त्या दोरांना आडवे टाके घालून एकमेकांशी बांधून टाकते. ज्यांनी पूर्वी गावात कातडे कमावण्याचे काम पाहिले असेल त्यांना ही क्रिया समजावून सांगण्याची गरज नाही. कच्चे कातडे बाभळीच्या सालीच्या पाण्यात ठेवले की सालीतील तुरट द्रव्य कातड्यातील कोलॅजेनचे धागे एकमेकांशी बांधते आणि ते चिवट होते. वेगळ्या विकराच्या द्वारे, परंतु काहीशी तशीच क्रिया गाठीच्या भोवती चालू असते. शिवाय गाठीतील द्रव बाहेर वाहून नेण्याची व्यवस्था बिघडलेली असल्याने आतला दाबही वाढतो. हा दाब रक्तवाहिन्या चेपतो, त्यामुळे शिरेतून दिलेले औषध गाठीच्या गाभ्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणजे कठीणपणा हे केवळ निदानाचे लक्षण राहत नाही, उपचारातील तो एक अडथळाही ठरतो. त्याही पुढे जाऊन, भोवतालचे जाळे टणक झाले की पेशींना त्याची जाणीव होते आणि त्या अधिक आक्रमक वागू लागतात, असेही गेल्या दोन दशकांतील प्रयोगांतून दिसून आले आहे.

कातड्याचे हे उदाहरण आम्ही केवळ सोपे म्हणून निवडलेले नाही. आपल्या भागातील एका व्याधीला ते जवळजवळ तंतोतंत लागू पडते. सुपारी, मावा व गुटखा चघळणाऱ्यांच्या गालाचा आतला पडदा हळूहळू पांढुरका व ताठर होत जातो, तोंड उघडेनासे होते आणि तिखट लागले की आग होते. सुपारीतील तुरट द्रव्ये गालातील कोलॅजेनला असे काही घट्ट करतात की शरीराला ते विरघळविता येत नाही. शिवाय सुपारीत तांबे असते आणि वर उल्लेखिलेले टाके घालणारे विकर तांब्यावरच चालते. माणूस स्वतःच्याच गालाचे कातडे कमावून घेतो, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात जात नसतील, तर तोंड तपासून घ्यावे. या ताठरपणातून पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. तोंडातील एखादा व्रण तीन आठवड्यांत भरून येत नसेल, तर डॉक्टर हातमोजा घालून त्याच्या बुडाशी बोट लावून पाहतात. बूड टणक लागले की संशय बळावतो. दात लागून झालेल्या साध्या व्रणाचे बूड बहुधा मऊ असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. सुपारी-तंबाखू मिसळून मावा करून देणाऱ्या टपऱ्या मात्र कोणत्या गावात नाहीत, हे वाचकांनीच सांगावे.

आपल्या परिसराचा अनुभव

हाताने व डोळ्याने केलेल्या तपासणीचे मोल किती, या प्रश्नाचा विचार करताना परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. त्याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम महाराष्ट्रात, आणि काही अंशी आपल्याच जिल्ह्यात झालेले आहे. शेजारच्या बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधारे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके त्या नोंदणीत होते. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी फिरत, लक्षणांविषयी बोलत, संशयित रुग्णांना तपासणीस घेऊन येत. त्या जनजागृतीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा अगोदरच्या टप्प्यात येऊ लागल्या, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. त्यासाठी कोणतेही मोठे यंत्र लागले नव्हते.

पुढे १९९९ साली टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग हाती घेतला. जिल्ह्याचे नाव त्या वेळी उस्मानाबाद होते आणि जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत तो प्रयोग आजही त्याच नावाने ओळखला जातो. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच करण्यात आली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. व्हिनेगरसदृश द्रावण लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने, तसेच पेशींच्या पॅप तपासणीने, तेवढा लाभ दिसून आला नाही. आपल्या माताभगिनींच्या सहभागातून मिळालेले हे ज्ञान आज जगाच्या उपयोगी पडत आहे, याचा जिल्ह्याला अभिमान वाटावा. त्यातून आम्ही घेतलेला धडा असा की इंद्रियांनी केलेली तपासणी उपयुक्त असली, तरी तिच्या मर्यादा मोजून पाहाव्या लागतात.

स्तनाच्या बाबतीत नेमके हेच मोजमाप मुंबईत झाले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना घेऊन अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली. या सेविका डॉक्टर नव्हत्या. हाताने गाठ ओळखण्याचे शिक्षण त्यांना मुद्दाम देण्यात आले होते. वीस वर्षांचा पाठपुरावा करून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात आढळण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, इतर वस्त्यांमध्ये ते ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरता घट १५ टक्के दिसली. परंतु ती योगायोगाने आलेली नाही असे संख्याशास्त्राच्या आधारे ठामपणे म्हणता आले नाही, आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांना मृत्युदराच्या दृष्टीने लाभ दिसला नाही. देणगीदारांसमोर केवळ तीस टक्क्यांचा आकडा ठेवणे सोपे होते. पण उरलेले दोन आकडेही त्यांना ठाऊक असावेत, असे आम्हांस वाटते. तरीही, जिथे मॅमोग्राफी यंत्र नाही, त्याची छायाचित्रे वाचणारा तज्ज्ञ नाही, तिथे शिकविलेले हात जीव वाचवू शकतात, ही गोष्ट या अभ्यासाने पुढे आणली आहे.

स्पर्शज्ञान शिकविता येते याचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. जर्मनीतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. फ्रँक हॉफमन यांनी दृष्टिहीन स्त्रियांना स्तनतपासणीचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. त्यांचा स्पर्श अधिक तल्लख असतो, हा त्यामागील विचार. भारतातही दृष्टिहीन भगिनींना असे प्रशिक्षण देण्यात आले आहे.

यंत्र काय करते?

आता देणगीदारांनी विचारलेल्या यंत्राकडे वळू. त्यामागील तंत्रास इलॅस्टोग्राफी म्हणतात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. जोनाथन ओफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ते मांडले. कल्पना साधी आहे. सोनोग्राफीच्या यंत्राने एक चित्र घ्यावयाचे, किंचित दाब देऊन दुसरे घ्यावयाचे आणि कोणता भाग किती दबला हे दोहोंची तुलना करून काढावयाचे. कणकेच्या गोळ्यात खडा राहिला असेल तर गोळा दाबल्यावर कणीक पसरते, खडा तसाच राहतो. यंत्र तो न दबलेला भाग निराळ्या रंगाने दाखविते. या पद्धतीत दाब देणारा हात माणसाचाच असतो, म्हणून निकाल थोडाफार त्या हातावर अवलंबून राहतो.

पुढची पद्धत अधिक काटेकोर आहे. तीत यंत्र स्वतःच ध्वनीचा एक सूक्ष्म धक्का देते. त्या धक्क्याने, विहिरीत खडा टाकल्यावर उठावेत तसे तरंग, आजूबाजूला पसरतात. मऊ भागात ते सावकाश जातात, टणक भागात वेगाने. या तरंगांचा वेग मोजला की कठीणपणा किलोपास्कल या एककात सांगता येतो. सेकंदाला एक मीटर वेग असेल तर कठीणपणा सुमारे ३ किलोपास्कल येतो. वेग चौपट झाला तर कठीणपणा सोळापट, म्हणजे सुमारे ४८ किलोपास्कल. याच तत्त्वावरील एक यंत्र यकृत किती ताठर झाले आहे हे पाहण्यासाठी २००३ पासून वापरात आले, आणि मोठ्या शहरांतील पोटविकारतज्ज्ञांकडे ते आता सर्रास आढळते. पोटावर यंत्राचे टोक टेकवून काही मिनिटांत होणारी ही तपासणी आपल्यापैकी काहींनी करवून घेतलीही असेल.

या आकड्यांचा अर्थ कळावा म्हणून एका मोजणीचा उल्लेख करतो. कॅनडातील संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनाच्या १६९ नमुन्यांचा कठीणपणा प्रयोगशाळेत मोजून २००७ साली प्रसिद्ध केला. निरोगी चरबी व दुग्धग्रंथींचा भाग सरासरी सुमारे ३ किलोपास्कल भरला. साध्या फायब्रोअॅडिनोमाच्या गाठी सुमारे ६, सौम्य श्रेणीचा कर्करोग सुमारे १० आणि तीव्र श्रेणीचा कर्करोग सुमारे ४२. तीन आणि बेचाळीस यांतील फरक शिकविलेल्या बोटालाही कळेल. परंतु सहा आणि दहा या दोन आकड्यांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. हे सरासरी आकडे आहेत. एखादी साधी गाठ सहापेक्षा टणक आणि एखादी कर्करोगाची गाठ दहापेक्षा मऊ असू शकते. तेथे दोहोंच्या सीमा एकमेकींत मिसळतात, आणि नेमका तिथेच रुग्णाचा प्रश्न अडलेला असतो.

तरीही यंत्राचा उपयोग नाही असे मुळीच नाही. अमेरिका व युरोपमधील १६ केंद्रांत ९३९ गाठींवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या सोनोग्राफीने, कर्करोग नसलेल्या गाठींपैकी सुमारे ६१ टक्के गाठी बरोबर ओळखल्या होत्या. कठीणपणाची माहिती जोडल्यावर हे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ असा की संशयाच्या काठावर असलेल्या बऱ्याच स्त्रियांची सुई टळू शकते. २०१३ पासून स्तनाच्या सोनोग्राफीचा अहवाल लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत गाठ मऊ, मध्यम की कठीण, ही नोंदही समाविष्ट झालेली आहे. हाताने धरून स्तनावर फिरविता येणारे, सोनोग्राफीशिवाय केवळ दाबाने कठीणपणा टिपणारे लहान उपकरणही निघाले असून, अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधनातून आलेले 'आयब्रेस्टएक्झाम' हे त्यांपैकी एक भारतात वापरले गेले आहे.

कठीणपणा फसवितो तेव्हा

आमच्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. प्रत्येक टणक गाठ कर्करोगाची नसते. जुना गळू बरा होताना राहिलेला वण, मार लागल्याने मेलेली चरबी, क्षयाची जुनाट गाठ, या साऱ्या टणक लागतात. पाण्याने भरलेली साधी पुटीसुद्धा तट्ट फुगली की भरलेल्या पखालीप्रमाणे कठीण लागते. उलट, स्तनाच्या कर्करोगाचे काही प्रकार चिकट द्रवाने भरलेले व मऊ असतात. काही झपाट्याने वाढणाऱ्या गाठी गोल व गुळगुळीत असल्याने साध्या गाठीचे सोंग घेतात. एका प्रकारात तर गाठ लागतच नाही, केवळ स्तन लाल व सुजलेला दिसतो. दूधवाहिनीच्या आतच असलेला आरंभीचा रोग बहुधा हातालाही लागत नाही आणि कठीणपणाच्या यंत्रालाही नीट दिसत नाही. तो मॅमोग्राफीत चुन्याच्या बारीक कणांवरून ओळखू येतो. तपासणाऱ्याने यंत्राचे टोक जोरात दाबले तर मऊ भागही टणक दिसतो, हे तर प्रत्येक शिकाऊ तंत्रज्ञास पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

नातेवाइकांसाठी एक सूचना. काही यंत्रांत कठीण भाग तांबडा दाखवितात, काहींत निळा. अहवालावरील तांबडा डाग पाहून एखाद्या कुटुंबाने रात्र जागून काढावी आणि त्या यंत्रात तांबडा म्हणजे मऊ असावा, असे घडू शकते. चित्राच्या कडेला रंगांची पट्टी असते, ती डॉक्टरांकडून समजून घ्यावी.

या सर्व कारणांमुळे कठीणपणा, मग तो बोटाने कळलेला असो वा किलोपास्कलमध्ये मोजलेला, संशय वाढवितो किंवा कमी करतो. निकाल मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. किंबहुना निकालाच्याही पुढचे एक कारण आहे. आज स्तनकर्करोगाचा उपचार ठरविताना गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आहे काय आणि तिच्यावर हर-टू नावाचे प्रथिन अधिक आहे काय, हे पाहावे लागते. त्यावर कोणते औषध द्यावयाचे हे अवलंबून असते. ही माहिती गाठीचा तुकडा काढल्याशिवाय जगातील कोणतेही कठीणपणाचे यंत्र देऊ शकत नाही.

"सुई लागली की रोग पसरतो" ही भीती आमच्या ग्रामीण बांधवांमध्ये खोलवर रुजलेली आहे. ती कशी निर्माण झाली असावी, हे आम्ही समजू शकतो. पूर्वी रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत येत, सुईने तपासणी होई आणि थोड्याच दिवसांत प्रकृती ढासळे. लोकांनी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला. प्रत्यक्षात स्तनाच्या गाठीतून सुईने तुकडा घेतल्यामुळे रुग्णाचे आयुष्य घटते, असे आजवरच्या वैद्यकीय अनुभवातून दिसून आलेले नाही. घटते ते वाट पाहत घालविलेल्या महिन्यांमुळे. एखाद्या वयस्क मावशी तपासणीच्या दारातून परत फिरू लागल्या की आमच्या परिचारिका त्यांना थांबवून म्हणतात, "मावशी, सुईच्या वाटेने रोग जात नाही, सुईच्या वाटेने त्याचं नाव कळतं." हे वाक्य कोणी शिकविलेले नाही, परंतु त्याहून चांगले आम्हांस सुचलेले नाही.

देणगीदारांच्या प्रश्नास आमचे उत्तर

तेव्हा यंत्र घ्यावे की न घ्यावे? आमचे मत स्पष्ट आहे. कठीणपणा मोजणारे यंत्र केवळ त्यासाठी स्वतंत्रपणे घेणे आजच्या घडीला आमच्यासारख्या रुग्णालयास योग्य ठरणार नाही. सुईने तुकडा घेण्याची गरज त्यामुळे संपणार नाही, आणि गाठ दाखविण्यास घराबाहेर न पडणारी स्त्री यंत्र आले म्हणून बाहेर पडणार नाही. विद्यमान सोनोग्राफी यंत्र बदलण्याची वेळ येईल तेव्हा इलॅस्टोग्राफीची सोय असलेले यंत्र घ्यावे, त्याची गर्भधारणापूर्व व प्रसूतिपूर्व निदानतंत्र कायद्याखाली रीतसर नोंद करावी आणि ते चालविणाऱ्या डॉक्टरांना पुरेसे प्रशिक्षण मिळावे, अशी आमची विश्वस्त मंडळास शिफारस आहे. तत्पूर्वी देणगीदारांनी साहाय्य करावयाचे ठरविल्यास दोन गोष्टींना ते द्यावे. पहिली, परिचारिका व आशा भगिनींच्या हातांचे शिक्षण. सिलिकॉनच्या कृत्रिम स्तनात निरनिराळ्या आकाराच्या व कठीणपणाच्या गाठी बसविलेल्या असतात, त्यांवर पुनःपुन्हा सराव केल्याने बोटे तयार होतात. एक नमुना वर्षानुवर्षे वापरता येतो. दुसरी, तुकड्याची तपासणी. गाठ सापडल्यापासून तिचा अहवाल हाती येईपर्यंतचा काळ जितका कमी होईल तितके रुग्ण अर्ध्यावर सोडून जाणार नाहीत. प्रवासखर्चासारखी किरकोळ वाटणारी मदतही येथे मोलाची ठरते, कारण भूम-परंड्याच्या एखाद्या वाडीवरून तीन वेळा यावे लागले तर तिसरी खेप बहुधा होत नाही.

रुग्णांच्या कुटुंबीयांस काही व्यावहारिक माहिती. शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनाची हाताने तपासणी, तसेच तोंडाची व गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांपासून आहे; गावातील आशाताईंकडे त्याची चौकशी करावी. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तपासणीस यावे, त्या वेळी स्तन मऊ असतात आणि गाठ असल्यास स्पष्ट लागते. पाळी थांबलेल्यांनी कोणत्याही दिवशी यावे. गाठ हाताला लागली असेल तर मात्र पाळीच्या दिवसांची वाट न पाहता यावे. पूर्वीची सोनोग्राफी वा मॅमोग्राफी झाली असल्यास केवळ अहवालाचा कागद न आणता फिल्म किंवा सीडीही आणावी. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत असावे, म्हणजे पुढे उपचाराची गरज भासल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठीची कागदपत्रे तयार करण्यात वेळ जाणार नाही. सोबत घरातील एक स्त्री असल्यास बरे. तपासणी स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत, पडद्याआड केली जाते.